दुभत्याच्या कपाटाची मूठ

फार जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या काळची, की दुधात पाणी घालायचं तेव्हा अजून कोणाला सुचलं नव्हतं. मांजरं मात्र तेव्हाही आजच्याएवढीच लबाड होती.

एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला सागाचं आणि शिसवीचं रान, खालच्या अंगाला ओताऱ्याची भट्टी आणि मधोमध एका सुताराचं घर. ओतारी म्हणजे पितळ वितळवून साच्यात ओतणारा, हे लहानांसाठी सांगून ठेवतो. मोठ्यांना ठाऊक असेलच, आणि नसेल तर त्यांनीही ऐकून घ्यावं.

त्या गावाची एक रीत होती. पेटी असो, कपाट असो, की धान्याचं कोठार असो, सुतार लाकूडकाम पुरं करायचा, पण दाराला मूठ बसवायचा नाही. आधी मधाच्या पोळ्याच्या मेणाचा एक गोळा घेऊन त्या घरी जायचा. गोळा उन्हात ठेवून मऊ करायचा आणि म्हणायचा, "हे दार ज्याला रोज उघडायचं, त्याने हा हातात धरावा."

त्या माणसाने गोळा दाबला, की मेणावर बोटांच्या खाचा उठायच्या. मग तो गोळा ओताऱ्याकडे जायचा. ओतारी त्यावर माती लिंपायचा, भट्टीत मेण वितळून वाहून जायचं आणि मेणाच्या जागी पितळ ओतलं जायचं. मूठ निवली की त्या माणसाची पकड तिच्यात जशीच्या तशी उतरलेली असायची. या रितीला गावात 'हात देणं' म्हणत.

सुतार या रितीच्या बाबतीत फार कडक होता. एकदा गावच्या पाटलाने घरातल्या कोठारासाठी स्वतःचा हात द्यायला काढला. कोठार त्याचं, धान्य त्याचं, मग हात कोणाचा असणार?

सुतार म्हणाला, "कोठार तुमचंच आहे, पाटील. पण सकाळी उठून त्यातलं धान्य काढतं कोण?"

"सून काढते."

"मग सूनबाईंना बोलवा. दार मालक बघत नाही. ज्याला उघडायचं, त्याच्या हाताचं ऐकतं."

पाटील जरा फुगला, पण त्याने सुनेला बोलावलं. ही गोष्ट सुतार पुढे कितीतरी वर्षं सांगत असे, आणि दर वेळी पाटील आधीपेक्षा थोडा जास्त फुगलेला असे.

आता तुम्ही म्हणाल, अशा सुताराच्या घरात केवढी कपाटं असतील. एकही नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दूध, दही, लोणी सारं छताला टांगलेल्या शिंक्यात. सुतारीण चवड्यांवर उभी राहायची, हात उंच करून शिंक्यातलं मडकं उतरवायची आणि तसंच परत चढवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे करत होती, आणि तेव्हापासून सुतार म्हणत होता, "तुला एक दुभत्याचं कपाट करून देतो." दर वर्षी कोणाची तरी पेटी, कोणाचा तरी पाळणा आडवा यायचा. सुतारीण हसून म्हणायची, "होईल हो, घाई काय आहे."

एके दिवशी शिंक्यातलं मडकं खाली पडलं आणि फुटलं. दूध चुलीपर्यंत वाहत गेलं.

"मांजराने पाडलं," सुतारीण म्हणाली.

मांजर त्या वेळी अंगणात उन्हात झोपलं होतं. पण सुताराने तिकडे पाहिलं नाही. त्याला दिसली ती एवढ्या वयात वाकून दूध पुसणारी बायको. आपण साऱ्या गावाला कपाटं दिली आणि हिला एक शिंकं, असं त्याच्या मनात आलं. त्याच दिवशी त्याने माळ्यावरून शिसवीच्या फळ्या खाली काढल्या. त्या त्याने तरुणपणी, कधीतरी लागतील म्हणून ठेवल्या होत्या. ते 'कधीतरी' आता आलं होतं.

मडकं मांजराने पाडलं नव्हतं. ही गोष्ट मी तुम्हाला सांगतो. सुताराला तेव्हा ठाऊक नव्हती. सुतारणीची बोटं दोन-तीन पावसाळ्यांपासून आखडत चालली होती. सांधे सुजून गाठीगाठींचे झाले होते. हात अर्धा मिटायचा आणि तिथेच थांबायचा. ती लुगड्याच्या पदराखाली हात झाकायची, दुखलं तर तोंड फिरवायची, आणि कोणाला काही कळू द्यायची नाही.

का म्हणाल, तर तिच्या थोरल्या जावेचं तिने पाहिलं होतं. जावेचे हात असेच आखडले. घरच्यांनी मायेनेच म्हटलं, "तुम्ही बसा आता." ती ओट्यावर बसली ती बसलीच. जिच्या शब्दाशिवाय घरातलं मीठ हलत नव्हतं, तिला वाटीभर ताकही मागून घ्यावं लागू लागलं. मागायची लाज वाटते, म्हणून कित्येकदा ती तशीच अर्धपोटी पानावरून उठायची. सुतारणीला मरणाची भीती नव्हती. 'तू बस' या दोन शब्दांची मात्र फार होती. त्यातून पलीकडच्या गावी राहणारा मुलगा दर सणाला येऊन म्हणत होताच, "आई, ही चूल विझवा आणि आमच्याकडे चला." हातांचं कळलं असतं, तर सुतारानेही हो म्हटलं असतं. मग ही चूल गेली, आणि चुलीबरोबर तिचं घरधनीणपणही गेलं.

इकडे सुतार पडवीला गोणपाट लावून आत काम करू लागला. कोणाचं कपाट म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "लांबच्या गावचं आहे." म्हातारपणी गुपित सांभाळण्यात त्याला पोराटोरासारखी मजा येत होती. शिसवीला रंधा मारता मारता तो गुणगुणायचा. सुतारीण त्याला ताक आणून द्यायची, गोणपाटापाशीच ठेवायची, आणि दोघंही आपापलं गुपित घेऊन परत फिरायचे.

कपाट झालं. वारा जावा म्हणून दारांना बारीक लाकडी जाळी, मुंगी चढू नये म्हणून पायांखाली पाण्याच्या दगडी वाट्या. राहिलं होतं ते पितळ.

सुतार ओताऱ्याकडे गेला. ओतारी त्याचा लहानपणापासूनचा मित्र. भट्टीच्या बाजूला तयार पितळेचा ढीग होता, राजवाड्याकडच्या लोकांसाठी केलेला. त्यात सिंहाच्या तोंडाच्या कड्या होत्या, मोराच्या मुठी होत्या, कमळाच्या कळ्या होत्या.

सुताराने सिंह उचलून पाहिला. "दुभत्यावर सिंह बसवून काय करू? आमच्याकडे मांजर आहे, त्याला हसू येईल."

मोर त्याने नुसता फिरवून खाली ठेवला. "पिसाऱ्यात लोणी अडकेल. ते पुसायचं कोणी?"

मग त्याने बिजागऱ्या निवडल्या. त्या मात्र चांगल्या जाड घेतल्या. मूठ सगळे बघतात, दाराचं ओझं बिजागरी उचलते, असं तो नेहमी म्हणत असे. मग पितळ निवडायला बसला. एक कांब फार पिवळी, ती त्याला भडक वाटली. एक फिकट, तिच्यात जस्त जास्त. शेवटी तांब्याचा अंश जास्त असलेली, तांबूस झाक मारणारी एक कांब त्याला पसंत पडली. "ही जुनी झाली की छान दिसेल," तो म्हणाला.

"पितळ झालं," ओतारी म्हणाला. "आता वहिनींचा हात दे. मेण कुठाय?"

"मेण इथेच दे. मी करतो."

"तू?"

"तिला कळू द्यायचं नाहीये. आणि तिचा हात मला पाठ आहे. डोळे मिटून करेन."

ओताऱ्याने मेणाचा गोळा दिला, पण मान हलवली. "साऱ्या गावाला तू वेगळं सांगतोस."

"गावाचे हात परक्याचे असतात रे. ही माझी बायको आहे."

यावर ओतारी काय बोलणार? नवरा-बायकोच्या मधे भट्टीवाल्याने बोलू नये, असं त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं.

सुताराने खरंच डोळे मिटले. लग्नानंतर पहिल्यांदा ती दोघं ओढा ओलांडत होती, तो दिवस त्याला आठवला. ओढ्यावर एक ओंडका टाकलेला. तिने घाबरून त्याचं मनगट धरलं होतं. बारीक, लांब, शेंगांसारखी बोटं. पण पकड अशी घट्ट, की पलीकडे गेल्यावरही तांबडे वळ राहिले होते. तो पलीकडे पोचल्यावरही मनगट सोडवून घ्यायला तयार नव्हता. तीच पकड त्याने कोरणीने मेणात उतरवली. शेजारी शेजारी चार नाजूक खाचा, मागे अंगठ्याची एक. त्या मेणाकडे पाहताना त्याचे डोळे भरून आले. इतकं सुंदर काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, हेही खरं आहे.

कपाट स्वयंपाकघरात आलं. मूठ घट्ट धरून अर्धी फिरवली, की आतली खीळ सरकायची आणि दार उघडायचं. सुतारीण कपाटाकडे बघतच राहिली. मग तिची नजर मुठीवर गेली. ती जवळ आली, आणि बोटांच्या पाठीने तिने पितळेवरून हळूच हात फिरवला.

"ही तर माझी पकड आहे," ती म्हणाली. "ओढ्यावरची."

सुताराला फार आनंद झाला. "उघड ना. उघडून बघ."

"आधी देवाला नैवेद्य दाखवते. मग उघडते. तुम्ही जा, तुमचं काम खोळंबलं असेल."

तो गेल्यावर तिने मूठ धरून पाहिली. तर्जनी खाचेत गेली, बाकीची बोटं अर्ध्यात अडली. तिने दुसऱ्या हाताने ती दाबून पाहिली, तेव्हा कळ खांद्यापर्यंत गेली. ती कपाटाला टेकून खाली बसली आणि रडली. कपाट आवडलं नाही म्हणून नव्हे. ज्या हातावर त्याचा एवढा जीव होता, तो हात आता तिच्याजवळ नव्हता, म्हणून ती रडली.

पण बाई हुशार होती. जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडून तिने मुठीला गुंडाळली, भोवऱ्याला दोरी गुंडाळतात तशी. चिंधीचं टोक मनगटाला अडकवून ओढलं, की मूठ फिरायची. तिचं काम भागलं.

संध्याकाळी सुतार जेवायला आला, तर त्याच्या पितळेला चिंधी. त्याने ती न बोलता सोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी चिंधी परत तिथेच. त्याने परत सोडली. तिसऱ्यांदा मात्र त्याला राहवलं नाही.

"आवडली नसेल तर तसं सांग. झाकून कशाला ठेवतेस?"

"आवडली हो. फार आवडली."

"मग ही चिंधी?"

 तिने चिंधी काढून टाकली. तेव्हापासून ती दाराची खीळ लावायचीच नाही, दार नुसतं ढकलून ठेवायची. दोन दिवस मांजर कपाटासमोर बसून विचार करत होतं. मग त्याने पंजा घातला. दार उघडलं, सायीचं भांडं रिकामं झालं, लोण्याचा गोळा जमिनीवर आला.

सुतार जेवायला बसला, तेव्हा त्याने ते पाहिलं आणि त्याचा राग अनावर झाला. रागापेक्षा दुःखच जास्त होतं, पण पुरुषाचं दुःख पुष्कळदा रागाचे कपडे घालून बाहेर पडतं. "सारा जीव ओतला मी यात. आणि तुला एक दार नीट लावणं होत नाही?"

सुतारीण खाली बघून म्हणाली, "नाही होत."

खरं तर तिने सगळं सांगून टाकलं होतं. पण रागाने भरलेल्या कानात जागा कुठे असते? सुताराला वाटलं, ही हट्टाने बोलतेय. तो ताटावरून उठला. त्या दिवसापासून घरात बोलणं कमी झालं. जेवायला वाढलंय, हो, पाणी ठेवलंय, हो. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी भांडणं पुष्कळ केली होती, पण असं गप्प बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. सुताराला वाटू लागलं, मुलाचं म्हणणंच खरं. जिला आपल्या घरातलं एक दार नीट लावावंसं वाटत नाही, तिच्या जिवावर ही चूल कशाला पेटती ठेवायची? त्याने मुलाला निरोप धाडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत त्याचं एक काम होतं. ते झालं, की निरोप धाडायचा.

वरच्या आळीत एका मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्यासाठी पेटी करायची होती, आणि ती पेटी सुतारानेच केली होती. आता राहिलं होतं हात देणं. सुताराने अंगणात मेण तापवलं. मुलगी लाजत पुढे आली, गोळा मुठीत धरला आणि जोरात दाबला.

सुताराने गोळा हातात घेतला आणि तो तिथेच थबकला. शेजारी शेजारी चार नाजूक खाचा, मागे अंगठ्याची एक. ही खूण त्याच्या ओळखीची होती. थोड्याच दिवसांपूर्वी त्याने ती स्वतः कोरली होती, घरातल्या म्हातारीसाठी.

त्याने वर पाहिलं. मुलीची आई बाजूला उभी होती. बरीच उशिरा झालेली ही लेक. बाई सुतारणीच्याच बरोबरीची, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या.

"बाई," सुतार म्हणाला, "ही पेटी तुमची असती, तर तुम्ही कसा हात दिला असता?"

ती हसली. "मी कसली देते, दादा? आमचे हात आता मिटतात कुठे? जन्मभर भांडी घासून, दळणं दळून काय उरतंय त्यांचं." तिने हात पुढे केला. सांधे गाठीगाठींचे, बोटं एका अंगाला कललेली. "तुमच्या घरी वेगळं आहे का?"

आपल्या घरी काय आहे हे सुताराला माहीतच नव्हतं. शिंक्यातून पडलेलं मडकं त्याला आठवलं. उन्हात झोपलेलं मांजर आठवलं. चिंधी आठवली. 'नाही होत' हे दोन शब्द आता कुठे त्याच्या कानात शिरले. पेटी, पटाशी, मुलाचा निरोप सारं जिथल्या तिथे टाकून, मेणाचा एक गोळा तेवढा घेऊन, तो घराकडे निघाला.

सुतारीण चुलीपाशी भाकरी करत होती. सुतार दारात उभा राहून बघत राहिला. ती पीठ तळव्याच्या टाचेने मळत होती. परातीतल्या गोळ्यावर तळव्याचा दाब दिसत होता, एकाही बोटाची खूण नव्हती. ज्या माणसाने जन्मभर मेणावरून माणसांचे हात ओळखले, त्याला ते पीठ वाचायला वेळ लागला नाही. रोज त्याच्या समोर ही भाकरी येत होती, आणि तो ती खाऊन उठत होता.

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "हात बघू."

तिने हात पदराखाली घेतला. "पीठ लागलंय."

"लागू दे."

त्याने तिचा हात बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. कितीतरी दिवसांनी घेतला. एकेका बोटावरून, एकेका गाठीवरून त्याने आपला अंगठा फिरवला. चुलीवरची भाकरी करपली. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आता म्हणाल, तू बस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "म्हणू नका. मला माझ्या चुलीवरून उठवू नका. मी हळू करीन, पण करीन."

सुताराच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने ते पुसलं नाही. "मी नाही म्हणत, तू बस. मीच इथे बसतो." मग त्याने मेणाचा गोळा निखाऱ्यांजवळ धरून मऊ केला आणि तिच्यापुढे ठेवला. "हात दे."

"माझी मूठ वळत नाही हो."

"मग वळत नाही, तशी दे."

तिने घाबरत घाबरत हात मेणावर ठेवला. पकड अशी नव्हतीच. तळव्याची टाच टेकली, मनगट थोडं झुकलं, अंगठा बाजूला राहिला. सुतार मन लावून पाहत होता. हात कुठे दुखतो आणि कुठे त्याला बळ आहे, हे त्याने तिलाच विचारून घेतलं. वळण्याचं बळ बोटांत नव्हतं, पण दाबायचं मनगटात होतं.

त्या मेणाची मूठ ओताऱ्याने ओतली आणि हातात फिरवून पाहिली. लांबुडकी, पुढे पसरट, एका बाजूला झुकलेली. धरायची नाही, फिरवायची नाही. वरून नुसतं मनगट टेकवलं, की खीळ आपोआप सरकावी. "अशी वाकडी मूठ मी जन्मात ओतली नव्हती," ओतारी म्हणाला. "पण तुझ्या हातून घडलेली सरळ गोष्ट हीच असावी." आईची शिकवण तो त्या दिवशी विसरला.

गावात चार लोक हसले. पाटील तर मुद्दाम बघायला आला, कारण त्याचा जुना हिशेब राहिला होता. "काय हे, सुतारदादा? तुमच्याच घरची मूठ वाकडी?"

सुतारीण दोन्ही हातांवर ताकाचं गाडगं घेऊन आली. जाता जाता तिने मनगट टेकवलं, दार उघडलं. गाडगं आत ठेवलं, कोपराने दार लोटलं, खीळ टक् करून बसली. ती वळली तरी नाही.  मांजर कपाटासमोर थोडा वेळ बसलं, आणि मग ते पाटलाच्या घराकडे चालू लागलं.

राहिली ती पहिली मूठ. सुतार ती देवघरात ठेवू म्हणाला. सुतारणीने नको म्हटलं.

"त्या मुलीच्या पेटीला लावा. तिचा हात तसाच आहे म्हणता ना?"

"अगं, पण तो तुझा हात आहे. ओढ्यावरचा."

"तो हात मी वापरून संपवला," ती म्हणाली. "आता तिला वापरू द्या."

सुताराने ती मूठ नवरीच्या पेटीला बसवली. आणि पेटी देताना नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाळ, ही मूठ आज तिच्या हातात बसते. दर वर्षी सुगी झाली, की तिचा हात एकदा हातात घेऊन बघ. बदललेला वाटला, तर मेण घेऊन माझ्याकडे ये. मी नसलो, तर माझ्यामागून जो असेल त्याच्याकडे जा."

तेव्हापासून त्या गावात रीत जरा बदलली. हात एकदाच देऊन भागत नाही. सुगीचं धान्य घरात आलं, की माणसं एकमेकांसमोर बसतात आणि हात हातात घेतात. पुष्कळदा मूठ बदलावी लागत नाही, पण बसणं होतं.

सुताराची चूल अखेरपर्यंत पेटती राहिली. सकाळी सुतारीण पीठ मळायची, आणि थापायला सुतार बसायचा. त्याच्या भाकऱ्यांना कधी गोल आकार आला नाही. सुतारीण म्हणायची, "लाकडाचं माप कळतं, पिठाचं नाही." तो म्हणायचा, "शिकतोय." ती दोघं तशाच वाकड्या भाकऱ्या खात सुखात राहिली, आणि ही गोष्ट ज्यांनी ऐकली, त्यांच्याही घरची दारं त्यांच्या माणसांना हलकी होवोत.

बोध : आठवणीतल्या मापाने दिलेली माया दारातच अडते; ज्याला काही द्यायचं, त्याचा आजचा हात आधी हातात घ्यावा.